रॉकेटवाल्या फ्रिट्झकडून काय घ्यायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र्याचे भाग दाबून घडवणाऱ्या आपल्या प्रेस शॉपच्या नफ्यातून एक रेसिंग कार उभी करायची, तिच्या बॉनेटवर कंपनीचं नाव रंगवायचं आणि कोइमतूरच्या ट्रॅकवर ती स्वतः चालवायची, हा बेत वाचला. बाबांनी ‘काकांना विचार’ म्हटलंय, म्हणजे त्यांचा होकार नाही आणि नकारही नाही. शेवटी तू फ्रिट्झ फॉन ओपेलचा दाखला दिला आहेस. जर्मनीतल्या ओपेल मोटार कंपनीच्या कारखानदाराचा मुलगा, शर्यत जिंकला, रॉकेटच्या गाडीत बसला, घरच्या कंपनीचं नाव जगभर झालं. माणूस चांगला निवडलास. पण त्याची अर्धीच गोष्ट सांगितलीस. उरलेली मी लिहितो, मग तुझ्या बेताकडे वळू.

त्याचे आजोबा आडाम ओपेल यांनी १८६२ मध्ये रुसेल्सहाइमला शिवणयंत्रं बनवायला सुरुवात केली. १८८६ मध्ये सायकली आल्या. आडामचे पाचही मुलगे सायकलच्या शर्यतींत उतरायचे, ओपेलच्याच सायकलींवर. शर्यत जिंकली की सोमवारी दुकानात गिऱ्हाईक, इतका साधा हिशेब. आडाम १८९५ मध्ये गेले. त्यांची पत्नी सोफी आणि मुलांनी १८९९ मध्ये डेसाऊच्या लुट्झमानचा मोटारींचा उद्योग विकत घेतला आणि गाड्या करायला लागले. ऑगस्ट १९११ मध्ये कारखान्याचा मोठा भाग आगीत गेला. तेव्हा त्यांनी शिवणयंत्रं पुन्हा सुरूच केली नाहीत. जिथून घराचा उदय झाला तो धंदा सोडून देणं सोपं नसतं. ओपेल कुटुंबाचा मला सर्वांत आवडणारा निर्णय हाच, आणि त्यात रॉकेट नाही, शर्यतही नाही.

फ्रिट्झ जन्मला १८९९ मध्ये, म्हणजे घरात मोटार आली त्याच वर्षी. वडील विल्हेल्म. शिक्षण डार्मश्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात. सप्टेंबर १९२१ मध्ये बर्लिनला आवुस नावाचा रस्ता खुला झाला. ग्रुनेवाल्डच्या जंगलातून जाणाऱ्या जवळजवळ १० किलोमीटरच्या दोन समांतर सरळ पट्ट्या, दोन्ही टोकांना वळण. उद्घाटनाच्या शर्यतीत बावीस वर्षांचा फ्रिट्झ ओपेल गाडी घेऊन उतरला आणि ताशी १२८ किलोमीटरच्या आसपास सरासरी ठेवून जिंकला. हे त्याचं स्वतःचं कर्तृत्व. स्टिअरिंगवर आडनाव चालत नाही.

पुढचं मात्र नीट वाच. ओपेलचा खप या विजयाने वाढला असं तू गृहीत धरलं आहेस. खप वाढवला तो १९२४ च्या छोट्या ४/१२ गाडीने. सुरुवातीला ती फक्त हिरव्या रंगात मिळायची, म्हणून लोक तिला झाडावरचा बेडूक म्हणायचे. ही सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या गाडीची नक्कल आहे असा दावा कोर्टातही गेला, तो भाग वेगळा. पण ती असेंब्ली लाइनवर बनत होती. साडेचार हजार मार्कांनी सुरू झालेली किंमत काही वर्षांत दोन हजारांच्या आसपास उतरली. १९२८ पर्यंत ओपेल जर्मनीतली सर्वांत मोठी मोटार कंपनी होती. हे यश लाइनवर उभ्या असलेल्या माणसांचं आणि किंमत उतरवणाऱ्यांचं. तुझे बाबा रोज करतात तेच काम, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

आता रॉकेट. माक्स फालिअर नावाचा एक लेखक होता. अंतराळ प्रवासाच्या कल्पनेने झपाटलेला, व्याख्यानं देत फिरणारा, खिसा रिकामा. तो फ्रिट्झकडे आला. कंपनीच्या जाहिरातीचं काम फ्रिट्झकडे होतंच, त्याला यात मथळे दिसले. बारुदाची रॉकेटं कोण बनवणार? फ्रीडरिश झांडर. बुडत्या जहाजाकडे दोर फेकण्यासाठी लागणारी रॉकेटं हा माणूस समुद्रकिनारी बनवायचा. काळी बारूद प्रचंड दाबाखाली ठासून भरायची हे त्याचं कसब. ठासलेल्या बारुदीत बारीकशी चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब चढतो आणि रॉकेटचा बॉम्ब होतो. प्रेसचं काम करणाऱ्या घरातली मुलगी आहेस, डाय आणि दाबाबद्दल तुला वेगळं सांगायला नको. शिवाय असं रॉकेट एकदा पेटलं की विझवता येत नाही, कमी-जास्तही करता येत नाही. गाडीला वेग वाढवायचा एकच मार्ग असतो: पुढचं रॉकेट पेटवणं.

११ एप्रिल १९२८ ला रुसेल्सहाइमजवळच्या ओपेलच्या स्वतःच्या ट्रॅकवर पत्रकारांसमोर पहिली गाडी धावली. बारा रॉकेटं होती, काही पेटलीच नाहीत, तरी ८ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग आला. चालवत होता कुर्ट फोल्कहार्ट. हे नाव तुझ्या पत्रात नाही. मार्चमधल्या पहिल्या चाचणीतही, पुढच्या सेकंदाला काय होईल हे कोणालाच माहीत नसताना, जागेवर तोच होता.

२३ मेला आवुसवर तीनेक हजार लोकांसमोर दुसरी गाडी आली. लांब, काळी, चोवीस रॉकेटं, १२० किलो बारूद. दोन्ही बाजूंना आखूड पंख होते आणि ते विमानाच्या उलट, म्हणजे गाडी जमिनीवर दाबून धरणारे. फॉर्म्युला वनमध्ये असे पंख सर्रास दिसायला आणखी चाळीस वर्षं जायची होती! या वेळी आत बसला स्वतः फ्रिट्झ. पायाखालच्या पेडलने एकामागून एक रॉकेटं पेटवत त्याने ताशी २३८ किलोमीटरचा वेग गाठला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक त्याला रॉकेट-फ्रिट्झ म्हणू लागले.

त्याच्या धाडसाला मी कमी लेखत नाही. शंभरावर किलो बारूद पाठीशी घेऊन पेडल दाबायला छाती लागते, आणि मालकाने नोकराच्या जागी स्वतः बसणं हेही मोठंच. पण गर्दी नव्हती, गाडी कच्ची होती, तेव्हा बसला फोल्कहार्ट. गर्दी जमली तेव्हा बसला मालकाचा मुलगा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तुला दोन्हींसकट हा माणूस घ्यावा लागेल.

जूनमध्ये हानोव्हरजवळ रुळांवरची रॉकेटगाडी धावली, आत माणूस नव्हता, वेग ताशी २५० च्या वर गेला. दुसऱ्या फेरीत गाडी रुळांवरून उडाली. ऑगस्टमधली पुढची गाडी निघतानाच फुटली आणि रेल्वेने प्रयोगांना मनाई केली. याच जूनमध्ये ऱ्योन डोंगरावर फ्रिट्झ श्टामर हा वैमानिक रॉकेट लावलेल्या ग्लायडरमधून उडाला होता. दुसऱ्या उड्डाणात त्या ग्लायडरने पेट घेतला. पुढे युलिउस हाट्री या तरुणाने खास रॉकेटसाठी विमान बनवलं. ते ३० सप्टेंबर १९२९ ला फ्रँकफर्टच्या रेबश्टॉक मैदानावरून फ्रिट्झने उडवलं. सव्वा मिनिटाच्या आसपास हवेत, मग धाडकन खाली. तो वाचला. त्या विमानावर नाव ओपेल आणि झांडरचं. ज्याने ते बनवलं त्याचं नव्हतं.

एक तारीख मात्र रॉकेटच्या गोष्टी सांगणारे सहसा गाळतात. मार्च १९२९ मध्येच ओपेल कुटुंबाने कंपनीचा ८० टक्के हिस्सा जनरल मोटर्सला विकला होता. हो, तीच जीएम, जिचा तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीस बंद पडला. म्हणजे रेबश्टॉकवर फ्रिट्झ उडाला तेव्हा विमानावरचं आडनाव घरचं असलं तरी कंपनी घरची उरली नव्हती. रॉकेटमुळे ती गेली असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण रॉकेटच्या प्रसिद्धीने ती राहिलीही नाही. भांडवल कुठून आणायचं, अमेरिकेच्या स्वस्त गाड्यांपुढे कसं टिकायचं, या प्रश्नांना मथळे उत्तर देत नाहीत.

बाकीच्यांचं काय झालं? फालिअर फ्रिट्झपासून वेगळा झाला, द्रव इंधनाच्या रॉकेटवर काम करत राहिला आणि मे १९३० मध्ये बर्लिनला स्फोटात गेला. झांडरला नाझी राजवटीत अटक झाली, तो १९३८ मध्ये वारला. फ्रिट्झ जर्मनी सोडून गेला आणि १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्याचा मुलगा रिकी १९७३-७४ मध्ये लिश्टनश्टाइन या छोट्या देशाच्या परवान्यावर फॉर्म्युला वनमध्ये उतरला, नववा क्रमांक ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. मग त्याने सगळं सोडलं आणि थायलंडमध्ये बौद्ध भिक्षू झाला. तुझ्या आईला यातलं शेवटचं वाक्य दाखवू नकोस.

तर तुझा बेत. गाडी चालव, माझी हरकत नाही. बाबांनाही मी तसं सांगेन. पण जाहिरात म्हणून चालवणार असशील तर आपलं गिऱ्हाईक कोण ते आधी बघ. ओपेलची गाडी रस्त्यावरचा माणूस विकत घेत होता, म्हणून आवुसवरच्या गर्दीला अर्थ होता. आपले ब्रॅकेट चाकणच्या दोन-तीन कंपन्यांचे खरेदी अधिकारी घेतात. ते रिजेक्शन आणि डिलिव्हरीची तारीख बघतात, कोइमतूरचा निकाल नाही. म्हणून हा खर्च जाहिरातीच्या खात्यात टाकू नकोस. हौस असेल तर तुझ्या पगारातून कर. शिकण्यासाठी असेल, म्हणजे रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा सांगाडा) आपल्याच वेल्डरकडून करून घ्यायचा, सस्पेन्शनचे पार्ट आपल्याच टूल रूममध्ये बनवायचे, तर तो प्रशिक्षणाचा खर्च. तसा तो मला पटतो, बाबांनाही पटेल.

तुझ्या अंदाजपत्रकात इंजिन, टायर, परवाना, प्रवास, हेल्मेट, सूट सगळं आहे. पहिल्या चाचणीला गाडीत कोण बसणार ते कुठेच नाही. वेल्डरचा तो मुलगा चांगली चालवतो हे मला माहीत आहे, आणि तू त्यालाच पाठवणार हेही. त्याच्या नावाने अपघात विमा काढ, त्याचा स्वतःचा फायरप्रूफ सूट घे, तुझा जुना नको. तो नको म्हणाला तर त्याच्या नोकरीवर परिणाम होणार नाही हे त्याला बाबांसमोर सांग. गाडीवर त्याचं नाव कुठे आणि किती मोठं लिहायचं तेही आत्ताच ठरव. हे आकडे घालून कागद परत पाठव, मग मी रविवारी बाबांशी बोलतो.

तुझा,
काका