झोपेच्या तपासणीत, झोपेत पाय किती वेळा हलले हे संगणक आपोआप मोजतो. तो आकडा विश्वासार्ह असतो का?

हो, मोजणीपुरता बराच. पण तंत्रज्ञाने नजरेखालून घातल्याशिवाय त्यावर निदान करू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या झोपविकार तज्ज्ञांच्या संस्थेचे निकष मुळात आकड्यांचेच आहेत. नडगीवरच्या स्नायूचा विद्युत संकेत विश्रांतीच्या पातळीपेक्षा किमान ८ मायक्रोव्होल्टने वाढून ०.५ ते १० सेकंद टिकला की एक हालचाल. ५ ते ९० सेकंदांच्या अंतराने सलग किमान ४ आल्या की मालिका. हे संगणक न थकता मोजतो. फसतो तो सैल इलेक्ट्रोडच्या (त्वचेवर चिकटवलेल्या, संकेत टिपणाऱ्या चकतीच्या) खरखरीला, किंवा श्वास अडखळल्यावर बसणाऱ्या झटक्यांना, जे खरे तर वगळायचे असतात. आणि प्रौढांत तासाला १५ हून अधिक हालचाली दिसल्या, तरी झोपमोड किंवा दिवसा त्रास नसेल तर तो आजार ठरत नाही.