हिमालयातील बुग्यालांमध्ये, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांत, उगवणारे बचनागाचे निळे फूल हाताला लागले तर धोका असतो का?

आपण उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पाहिलेल्या निळ्या-जांभळ्या, टोपी घातल्यासारख्या दिसणाऱ्या फुलाविषयी तीन गोष्टी विचारल्या आहेत: ते खरोखरच प्राणघातक आहे का, छायाचित्र घेताना त्याला हात लागला त्याने काही होईल का, आणि त्याच जातकुळीतील अतिविष बाळगुटीत कसे चालते. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण या वनस्पतीविषयी अनाठायी भीती आणि अनाठायी धाडस या दोन्ही गोष्टी सारख्याच आढळतात.

हाताची काळजी आधी दूर करतो. फुलाला किंवा पानाला ओझरता स्पर्श झाल्याने निरोगी, अखंड त्वचेच्या माणसाला सहसा काहीही होत नाही. मात्र हे विष त्वचेतून काही प्रमाणात शरीरात शिरू शकते, विशेषतः जखम किंवा ओरखडा असेल तर, आणि म्हणून झाड चुरगळले, मुळाचा रस हाताला लागला किंवा ते हात तोंडाकडे वा डोळ्यांकडे गेले तर गोष्ट वेगळी होते. हात साबणाने धुवावेत, तोवर काही खाऊ नये. एवढी दक्षता पुरेशी आहे.

आता वनस्पतीविषयी. बचनाग ज्या अकोनिटम या प्रजातीत मोडतो, तीत अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्या उत्तर गोलार्धातील थंड, डोंगराळ प्रदेशांत वाढतात. ज्याला आपण पाकळ्या समजतो ती खरे तर रंगीत निदले, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी दले, असतात. त्यांतील सर्वांत वरचे निदल फुगून टोपीसारखे होते आणि खऱ्या पाकळ्यांपैकी दोन त्या टोपीच्या आत, लांब देठांवर, मधुरस घेऊन दडलेल्या असतात. तेथपर्यंत पोहोचण्याची ताकद आणि लांब जीभ प्रामुख्याने बंबलबी या केसाळ भुंग्यांकडे असते, आणि म्हणूनच या फुलांचा आणि या भुंग्यांचा जगातील प्रदेश बऱ्याच अंशी एकच आहे. विषारी म्हणून बदनाम झालेल्या या फुलाची ही रचना मला कोणत्याही शोभेच्या फुलापेक्षा अधिक विलक्षण वाटते. शेजारीच उगवणारे डेल्फिनियम पुष्कळदा त्याच्याशी गल्लत करायला लावते. त्याच्या फुलाला टोपी नसते, तर मागे निमुळती शेपटी असते. पण तेही विषारीच आहे, तेव्हा ओळख चुकली म्हणून सवलत मिळत नाही.

विष झाडाच्या सर्व भागांत असते, परंतु ते सर्वाधिक साठते ते जमिनीखालच्या कंदात. अकोनिटीन आणि वत्सनाभातील, म्हणजे बचनागातील, स्यूडॅकोनिटीन ही त्यातील मुख्य द्रव्ये. आपल्या मज्जातंतूंमध्ये आणि हृदयाच्या स्नायूंमध्ये सोडियमचे कण आत सोडणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. त्या क्षणभर उघडून लगेच बंद व्हाव्या लागतात. अकोनिटीन त्यांना बंदच होऊ देत नाही. त्यामुळे प्रथम ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, मग बधिरपणा, उलट्या, अशक्तपणा, आणि शेवटी हृदयाचे ठोके इतके अनियमित होतात की त्यातच मृत्यू ओढवतो. लक्षणे काही मिनिटांत ते एक-दोन तासांत सुरू होतात. शुद्ध अकोनिटीनचे सुमारे २ मिलिग्रॅम प्रौढ माणसाला पुरेसे ठरू शकतात. त्यावर नेमका उतारा नाही. रुग्णालयात हृदयाची लय सांभाळून शरीर विष बाहेर टाकेपर्यंत रुग्णाला जगवावे लागते. म्हणून कोणी कंद खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये, ताबडतोब खाली उतरून रुग्णालय गाठावे आणि शक्य असल्यास झाडाचा तुकडा पिशवीत बंद करून सोबत न्यावा.

बहुतेक अपघात फुलामुळे नव्हे, तर मुळाच्या चुकीच्या ओळखीमुळे घडतात. १८५६ साली स्कॉटलंडमधील डिंगवॉल येथे हॉर्सरॅडिश या तिखट मुळाऐवजी बचनागाचे मूळ खणून जेवणात वाढले गेले आणि जेवणाऱ्यांपैकी तीन जण दगावले. मूळ वाळल्यानेही विष नाहीसे होत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

अतिविषाचा प्रश्न येथेच येतो. अतिविष, म्हणजे अकोनिटम हेटेरोफायलम, हेही याच बुग्यालांमध्ये उगवते, त्याचेही फूल टोपीचेच असते, परंतु त्याच्या कंदात अकोनिटीन नसून अटिसीन आणि तत्सम, तुलनेने अत्यंत सौम्य द्रव्ये असतात. वत्सनाभही आयुर्वेदात वापरला जातो, पण शोधन केल्यावरच: गोमूत्रात भिजवणे किंवा दुधात दीर्घकाळ उकळणे यांमुळे अकोनिटीनच्या रेणूचे विघटन होऊन कितीतरी कमी विषारी द्रव्ये उरतात. तरीही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ई-१ या परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत, वत्सनाभाचा समावेश आहे आणि तो असलेली औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत असा इशारा त्यांच्यावर छापावा लागतो. माझ्या मते हा इशारा अक्षरशः पाळला पाहिजे.

उरतो तो आपल्या सोबत्याचा आग्रह, की पुढच्या वेळी तेथूनच ताजे अतिविष खणून आणावे. कृपया असे करू नका. एकाच उतारावर अतिविष आणि विषारी जाती जवळजवळ उगवतात, फुले गळून गेल्यावर नुसत्या कंदावरून त्यांतील फरक अननुभवी माणसाला सांगता येत नाही, आणि चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. शिवाय कंद उपटला की ते झाडच संपते, आणि बी धरण्यापूर्वी उपटले तर पुढची पिढीही संपते. अशा खणण्यामुळेच अतिविष आज संकटग्रस्त जातींच्या यादीत गेले आहे. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान असल्याने तेथून वनस्पतीचा कोणताही भाग नेणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. अतिविष हवेच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने, विश्वासू औषधनिर्मात्याकडून, लागवडीतून आलेले घ्यावे.