आधी फोटो, मग सुरी

बेटा, जनावरांच्या संशयास्पद मृत्यूंचा तपास शिकायची तुझी तळमळ पाहून बरं वाटलं. आधी साधं शवविच्छेदन हातात बसू दे, डीएनए तपासणी नंतर.

- जनावर हलवण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो काढ.
- नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त दिसलं तर फाडूच नकोस, काळपुळी (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा जीवघेणा रोग) असू शकते.
- विषाचा संशय असेल तर रासायनिक तपासणीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवायच्या रसायनात) नको, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेव. माझ्या हातून एका बैलाचं यकृत असंच वाया गेलं. कपाशीच्या फवारणीचे दिवस, गव्हाणीला औषधाचा वास, मालक उंबऱ्यात बसून रडत होता; पुरावा मात्र उरला नाही.

अहवालात 'मारहाण' लिहू नकोस. जखमेची जागा, लांबी, रंग लिही. जनावराला मारणं, विष देणं किंवा अपंग करणं हा गुन्हा ठरवणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ तेवढं वाचून ठेव.