वैद्यांचा सल्ला : घरचा जुलाब आणि शास्त्रोक्त विरेचन

प्रश्न : वैद्यसाहेब, सोयाबीनची सोंगणी आटोपली की आमची आई दरवर्षी एरंडेल घेते आणि घरातल्या सगळ्यांना घ्यायला लावते. आता तिने पासष्टी ओलांडली असून रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी अशा दोन गोळ्या सुरू आहेत. तिने यंदाही एरंडेल घ्यावे काय? आयुर्वेदात जुलाबाने शरीरशुद्धी करण्याचा जो विरेचन नावाचा उपचार आहे, तो हाच काय?
— एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : यंदा आईंना एरंडेल देऊ नका, हे आधी सांगतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतच असतात. त्यात जुलाबांची भर पडली तर सोडियम-पोटॅशियम घसरून चक्कर येणे, पायांत गोळे येणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे असे प्रकार घडू शकतात. एरंडेलासाठी गोळ्या बंद ठेवणे हाही उपाय नव्हे.

आईंनी धरलेला हंगाम मात्र शास्त्राला सोडून नाही. पावसाळ्यात साठलेले पित्त शरदाच्या उन्हाने उसळते, म्हणून चरकसंहितेने या ऋतूत कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप, विरेचन आणि रक्तमोक्षण (दूषित रक्त काढणे) सांगितले आहे. परंतु एरंडेलाने कोठा रिकामा होणे ही विरेचनाच्या मधल्या एका दिवसाची गोष्ट आहे. त्याआधी रुग्णाचा कोठा मृदू (सहज जुलाब होणारा), मध्यम की क्रूर (जड) हे पाहून तीन ते सात दिवस रोज वाढत्या मात्रेने औषधी तूप पाजतात आणि मळाला स्निग्धपणा आला, त्वचा मऊ पडली, तुपाचा वासही नकोसा झाला की ते थांबवतात. पुढचे तीन दिवस अंगाला तेल आणि वाफेचा शेक देऊन मग सकाळी, रात्रीचे जेवण पूर्ण पचल्याची खात्री करून, औषध देतात. चरकाने सुखाने होणाऱ्या विरेचनासाठी निशोत्तर (एका वेलीची मुळी) आणि सौम्य विरेचनासाठी बहाव्याच्या शेंगेतला मगज श्रेष्ठ मानला आहे. शौचाचे वेग दहा, वीस की तीस यावरून शुद्धी हीन, मध्यम की उत्तम हे ठरते, आणि शेवटी कफ पडू लागला म्हणजे काम झाले असे समजतात.

यानंतरचा भाग लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते बहुतेक त्रास तिथेच ओढवतो. जुलाबाने अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावलेला असतो. त्या दिवशी भूक लागल्यावर शिते मोजून घ्यावीत इतकी पातळ तांदळाची पेज, मग दाट पेज, मग मुगाचे कढण, आधी बिनफोडणीचे आणि नंतर थोडे तूप-मीठ घातलेले, अशा पायऱ्यांनी शुद्धीच्या मानाने तीन, पाच किंवा सात दिवसांत नेहमीच्या जेवणावर यायचे असते. सकाळी एरंडेल घेऊन संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि ठेचा, अन् दुसऱ्या दिवशी भर उन्हात कापूस वेचायला जाणे, याला विरेचन म्हणता येत नाही. ज्यांना शेतीच्या कामांतून या साऱ्यासाठी दोन आठवडे काढता येत नाहीत, त्यांनी ते पुढे ढकललेले बरे.

घरातील गर्भवती, लहान मुले, अशक्त माणसे, नुकताच ताप आलेले आणि गुदद्वाराला चीर किंवा रक्तस्राव असलेले यांनीही एरंडेल घेऊ नये. इतरांनी घ्यायचेच असेल तर आधी वैद्याकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : भावाचे पोट कालपासून दुखते आहे आणि शौचास झालेले नाही. आठवडी बाजारातून आणलेला जमालगोटा द्यावा काय?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : मुळीच देऊ नये. जमालगोट्याचे बी विषारी असून शुद्धी केल्याशिवाय आयुर्वेदातही ते वापरत नाहीत. शिवाय दुखणे अपेंडिक्सच्या सुजेचे किंवा आतड्याच्या अडथळ्याचे असल्यास जुलाबाने आतडे फुटण्याचा धोका असतो. दुखणे उजवीकडे खाली सरकले असेल, पोट ताठ झाले असेल, उलट्या होत असतील किंवा वायूदेखील सरत नसेल, तर पोटात काहीही न देता, रात्र असली तरी, त्यांना ग्रामीण रुग्णालयात न्यावे. यांपैकी काही नसले, तरी आजच डॉक्टरांना दाखवावे.