साडेबारा लाखांची मशिनरी आणि महिन्याला अडीच दिवसांचं काम

औसा तालुक्यातल्या एका सुतारभावाचं पत्र आलंय. वय ३४. चौदा वर्षं लातूरच्या इंटेरियर कॉन्ट्रॅक्टरांकडे लेबर रेटवर काम केलं, आता घराशेजारच्या वीस बाय तीसच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं वर्कशॉप काढायचंय. शिल्लक ३ लाख २० हजार. घरखर्च महिना २२ हजार. मशिनरीचं कोटेशन १० लाख ४० हजारांचं: पॅनल सॉ (प्लायच्या शीट सरळ कापणारं मोठं मशीन) ३ लाख ६० हजार, एज बँडिंग मशीन (कापलेल्या कडांना पट्टी चिकटवणारं) ४ लाख ३० हजार, रंधा मशीन १ लाख १० हजार, डस्ट कलेक्टर ४५ हजार, बाकी कॉम्प्रेसर आणि हातातली मशिनं. बँक ८ लाख देतेय, १२ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. "सबसिडी मिळाली तर बरंच. कमी पडलं तर बायकोचे चार तोळे आहेत. ताई, चुकतोय का मी?"

भाऊ, वर्कशॉप काढताय यात काहीच चूक नाही. चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावावर किचन उभे केलेत, आता स्वतःच्या नावावर करा. पण काय आधी घ्यायचं आणि काय नंतर, तिथे गाडी चुकतेय.

सगळ्यात आधी कोटेशनचा फोटो मोठा करून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "जीएसटी व वाहतूक वेगळी". १८ टक्क्यांनी जीएसटीच १ लाख ८७ हजार होतो. म्हणजे १० लाख ४० हजारांचे झाले सव्वाबारा लाख, आणि ट्रकभाडं धरलं की साडेबाराच्या घरात. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत नाही, त्यामुळे हा कर परत वळता करून घेता येणार नाही. तुमच्या हिशेबात हे पैसे नाहीत. ते शेवटी त्या चार तोळ्यांतूनच जातील, आणि मशीन गावात उतरायच्या आधीच जातील.

आता पत्रासोबत पाठवलेली तुमची वही. वर्षभराची कामं तुम्ही इतक्या नीट लिहून ठेवलीत की माझं अर्धं काम तिनेच केलं. सरासरी महिन्याला प्लायच्या २५ शीट आणि ९०० फूट एज पट्टी. बाहेर कटिंगला शीटमागे १२० रुपये, पट्टीला फुटाला ९ रुपये. म्हणजे ३,००० आणि ८,१००, एकूण ११,१०० रुपये महिना. बँकेचा हप्ता येतो १७,७९५ रुपये. त्यावर लाईट बिल, ब्लेडला धार, ग्लू, मदतनिसाचा पगार. २५ शीट पॅनल सॉवर दीड दिवसात फाडून होतात. ९०० फूट पट्टीला एक दिवस पुष्कळ झाला, त्यातही ग्लू तापायला लागणारा वेळ आलाच. महिन्याचे बाकीचे दिवस जवळपास आठ लाखांचा माल झाकून ठेवायचा आणि हप्ता मात्र अख्ख्या महिन्याचा भरायचा.

तुम्ही म्हणाल, दर वेळी लातूरला कोण नेणार? पण प्लायवूड तुम्ही तसंही लातूरहूनच आणता. शीट दुकानातून उचलल्या की तिथेच कापून, पट्टी लावून छोट्या हत्तीत भरा. जादा फेरी होतच नाही. फक्त कटिंग लिस्ट आदल्या रात्री घरी बसून बिनचूक करावी लागेल, कारण तिथे उभं राहून माप बदललं की शीट वाया जाते. शिवाय दोन-अडीच दिवस तुमचे हात मोकळे राहतात, तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे माप घेऊन होतं.

माझ्या मते सुरुवातीची मांडणी अशी हवी. २२ हजारांच्या हिशेबाने तीन महिन्यांचा घरखर्च, ६६ हजार, एफडीत टाका आणि त्याला हात लावू नका. १ लाख २० हजार माल आणि उधारीसाठी खेळतं भांडवल. इथे मी अडून बसणार आहे, कारण नवं वर्कशॉप मशीन नसल्यामुळे क्वचितच बसतं. ते बसतं ते प्लायवाला आणि हार्डवेअरवाला रोख मागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं "सोयाबीन विकलं की देतो" म्हणून. आपल्याकडे पैसा दसरा-दिवाळीला आणि लग्नसराईत फिरतो, मधले महिने कोरडे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तसल्या वर्षात मॉड्युलर किचन कोण करतं? हप्ता मात्र दर महिन्याला येतोच. म्हणून कामाच्या आधी निम्मा ॲडव्हान्स आणि फिटिंगच्या आधी आणखी थोडा, हे पहिल्या गिऱ्हाइकापासून ठरवा. नात्यातलं गिऱ्हाईक असलं तरी.

वायरिंग, अर्थिंग आणि ईएलसीबीला (शॉक बसताच लाईट तोडणारा स्विच) २५ हजार. राहतात १ लाख ९ हजार, त्यात पीएम विश्वकर्मा योजनेचं पहिलं कर्ज १ लाख मिळवा. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. व्याज ५ टक्के, तारण नाही, मुदत १८ महिने, हप्ता साधारण ५,७८० रुपये. फेडलं की पुढचं कर्ज २ लाखांपर्यंत, ३० महिन्यांसाठी. प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर वेगळं. तुम्ही २०२१ मध्ये घेतलेलं मुद्रा कर्ज पूर्ण फेडलंय, त्यामुळे ते आड येत नाही. नोंदणी गावातल्या सीएससी केंद्रावर होते, एका घरातून एकालाच.

त्या दोन लाखांत पट्टीवर सरकणारा ट्रॅक सॉ, लहान टेबल सॉ, एक राउटर (लाकडात खाचा पाडणारं हातमशीन), एक ट्रिमर, एक फुटाचा रंधा, कॉम्प्रेसर-नेलगन आणि भरपूर क्लॅम्प. क्लॅम्पवर हात आखडू नका, दाराची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहते ती त्यांच्या जोरावर. आणि व्हॅक्युम पहिल्या दिवशीच घ्या, नंतर नाही. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ पासून सांगितलंय. तुमचं शेड घराला लागून आहे, आई आणि दोन लेकरं तीच हवा घेणार.

आता सबसिडी, कारण तिथे माझा सल्ला तुम्हाला महाग पडू शकतो. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत ग्रामीण भागात ओबीसी अर्जदाराला ३५ टक्के मिळतात, स्वतःचे ५ टक्के घालायचे. सव्वाबारा लाखांवर ही रक्कम ४ लाख २९ हजार होते. मोठी आहे, नाकारत नाही. पण ती हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहते. उरलेल्या ७ लाख ३६ हजारांचा हप्ता १६ हजारांच्या वरच बसतो. आणि ही ३५ टक्क्यांची सबसिडी फक्त नव्या उद्योगाला आहे. आज छोटं वर्कशॉप सुरू केलंत तर उद्या त्यासाठी ते दार उघडं राहील असं धरून चालू नका. उलट पीएमईजीपी घेतली तर पुढची पाच वर्षं विश्वकर्माचं कर्ज नाही. तुमच्या हातात एखाद्या कॉन्ट्रॅक्टरचं महिन्याला ५० शीटचं लेखी काम असतं तर मी स्वतः पीएमईजीपीची फाईल करा म्हटलं असतं. "बघू, देऊ काम" एवढ्यावर नाही.

लाईटचंही बघा. पॅनल सॉला थ्री फेज लागतो. माझ्या ओळखीतल्या एकाने अंबाजोगाईजवळ आधी मशीन आणलं आणि मग मीटरसाठी अर्ज केला. पाच महिने ते ताडपत्रीखाली उभं होतं, हप्ते चालू. शेतातल्या पंपाच्या लाईनीवर चालवायचा जो विचार तुम्ही लिहिलाय, तो कृपा करून सोडा. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. मोठी खोडं चिरायचा आरा बसवायचं मनात असेल तर वनखात्याचा परवाना लागतो, तेही आत्ता नको.

वर्षाला २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा बँकेत आजच सुरू करा. त्याच्या जोडीला अपघाताची एखादी मोठी पॉलिसीही घ्या, तुमचं उत्पन्न दहा बोटांवर आहे.

वहीत आता एक रकाना वाढवा: बाहेर दिलेलं कटिंग आणि पट्टीचं बिल. सलग सहा महिने ते २० हजारांच्या वर गेलं की आधी थ्री फेज मीटर, मग एज बँडिंग मशीन. पॅनल सॉ त्याच्याही नंतर. तेव्हा तीच वही घेऊन बँकेत जा आणि कोटेशन जीएसटीसकट मागा. वहिनींच्या चार तोळ्यांची या हिशेबात कुठेच गरज पडलेली नाही, त्यांनाही हे वाचून दाखवा.