ट्रक मागे घेताना कोणाची भिंत पडली आणि पाहणारे कोणी नसले, तर थांबावे का?

आपला प्रश्न असा आहे की, ट्रक मागे घेताना एखाद्याची भिंत किंवा पत्रा मोडला, कोणाला इजा झाली नाही आणि कोणी पाहिलेही नाही, तर निघून जावे, जागेवर पैसे देऊन मिटवावे की पोलिसांत जावे. माझे उत्तर आहे की थांबावे. माझ्या तेव्हाच्या गाडीमालकांना हे उत्तर आजही मान्य नाही, म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो.

जुलै २०१४ मध्ये मी कोल्हापूरहून साखरेची पोती भरून रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे गेल्यावर रस्त्यावर झाड पडलेले होते, म्हणून रात्री दोनच्या सुमारास गाडी वळवण्यासाठी मी ती एका वाडीच्या फाट्यावर मागे घेतली. क्लीनर खाली उतरला होता, पण तो डाव्या बाजूला उभा राहिला आणि उजव्या आरशात मला पावसाशिवाय काही दिसत नव्हते. फाळक्याचा, म्हणजे गाडीच्या मागच्या झडपेचा, कोपरा एका घराच्या फाटकाच्या खांबाला लागला, खांब आडवा झाला आणि त्याच्याबरोबर चिऱ्यांचा पाच-सहा हात गडगाही, म्हणजे कुंपणाची भिंतही, खाली आला. घराला कुलूप होते. मी मालकांना फोन केला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “कुणी बघितलंय का? नाही ना? मग गाडी काढ.”

मी गाडी काढली नाही. माझ्या लहानपणी आमच्या घराचा कोपरा उसाच्या ट्रॉलीने पाडला होता आणि ती ट्रॉली कोणाची होती हे आम्हाला कधीच कळले नाही. वडिलांनी तो कोपरा उसने पैसे घेऊन बांधला. सकाळपर्यंत मी केबिनमध्ये बसून राहिलो. उजाडल्यावर दगड हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढले. शेजारच्या आजोबांनी सांगितले की घरमालक मुंबईला असतात आणि गणपतीलाच येतात, आणि त्यांचा नंबरही दिला. ते गृहस्थ आधी खूप संतापले, जे स्वाभाविक होते. मी त्यांना गाडीचा नंबर, माझा परवाना, मालकांचा फोन आणि विम्याची माहिती कळवली, आजोबांच्या हाती तेच कागदावर लिहून दिले आणि पोलीस ठाण्यात जाऊन नोंद केली. गाडी खाली व्हायला एक दिवस उशीर झाला.

चिरे, सिमेंट, गवंड्याची दोन दिवसांची मजुरी आणि फाटकाचे वेल्डिंग मिळून ११,००० रुपये झाले. विम्याचा कागद पाहिला, तेव्हा कळले की दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांचे संरक्षण मिळत असताना मालकांनी हप्त्यातील किरकोळ सवलतीसाठी ते कायद्याच्या तेव्हाच्या किमान मर्यादेवर, म्हणजे ६,००० रुपयांवर आणून ठेवले होते. तेवढ्यासाठीही त्यांनी दावा केला नाही, कारण त्यांच्या मते नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सवलत, गेला असता. हे चूक होते. तो बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाशी जोडलेला असतो, आणि दुसऱ्याच्या भिंतीचा दावा तृतीय पक्षाच्या भागात येतो. शेवटी पूर्ण रक्कम तीन महिन्यांत माझ्या पगारातून कापली गेली, आणि त्यावर “थांबलास म्हणून पैसे गेले” हे वाक्य मला पुढची दोन वर्षे ऐकावे लागले.

पैसे मी थांबलो म्हणून गेले नाहीत, तर संरक्षण कमी करून ठेवले होते म्हणून गेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले आणि तेथे पोलीस नसले, तर चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात माहिती द्यायची असते, तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवायचे असते. हे न केल्यास कलम १८७ खाली चालकालाच शिक्षा होते, मालकाला नाही. उलट, कामावर असताना चालकाच्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई देण्यास मालकही बांधील असतो. मागे क्लीनर कोठे उभा आहे हे न पाहता गाडी मागे घेणे ही माझी चूक होती आणि मी ती तेव्हाही मान्य केली होती, पण चूक मान्य करणाऱ्यानेच सगळा खर्च सोसावा, हा हिशेब मला पटलेला नाही.

जागेवर मिटवण्याबद्दल सांगायचे, तर हजार-दोन हजारांचे काम असेल आणि समोरचा राजी असेल, तर मिटवण्यास हरकत नाही, मात्र पैसे नुसते हातात ठेवून निघू नका. गाडीचा नंबर, तारीख, ठिकाण, काय मोडले, किती रक्कम दिली आणि यापुढे मागणी नाही, एवढे लिहून दोघांच्या सह्या आणि एका साक्षीदाराची सही घ्या, आणि शक्य असेल तर रक्कम मोबाइलवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. विम्यातून भरपाई घ्यायची असेल, तर मात्र कंपनीच्या लेखी संमतीशिवाय पैसे देऊ नका आणि कबुलीही देऊ नका, कारण तशी अट पॉलिसीतच असते. माझ्या वेळी मला ही अट माहीत नव्हती आणि मी फोनवर “सगळे भरून देतो” असे बोलून बसलो होतो.

मी वर लिहिलेले थांबण्याचे मत शांत वाडीतील आहे. जमाव अंगावर येत असेल, तर तेथे न थांबता थेट पोलीस ठाणे गाठा आणि कारण तेथे सांगा. विजेचा खांब पडला असेल आणि तार गाडीवर असेल, तर पुरवठा बंद केल्याचे महावितरणकडून कळेपर्यंत केबिनमधून उतरू नका. जानेवारी २०२४ मध्ये आपण चालकांनी भारतीय न्याय संहितेच्या ज्या कलम १०६(२) विरुद्ध आंदोलन केले, ते अपघातात माणूस दगावल्यावर माहिती न देता पळून जाण्याबद्दलचे आहे. भिंत पडली म्हणून ते लागेल, ही भीती मनात ठेवू नका.

नवीन मालकाकडे लागताना मी आता पगाराआधी पॉलिसी मागतो आणि मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा लिहिलेल्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवतो. दोन मालकांनी ते पान दाखवण्यास नकार दिला, आणि त्या दोन्ही गाड्या मी घेतल्या नाहीत.