आईबाप कोण तेच माहीत नाही, मग मुलीला सांगायचं काय?

मागे एक ताई आल्या होत्या, दत्तक मुलगी आठ वर्षांची. तान्ही असताना एका इमारतीच्या जिन्यात सापडलेली, पहाटे रखवालदाराने रडणं ऐकून उचललं, आईबापाचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. आता ती रोज झोपताना विचारते, मला सोडून का गेले? ताई इतक्या गोंधळल्या की सांगून बसल्या, ते अपघातात गेले. आणि आता खोटं बोलले म्हणून त्यांनाच झोप नाही.

असे पालक माझ्याकडे सारखे येतात म्हणून लिहितेय. मी म्हटलं, ताई, आधी ते अपघाताचं मागे घ्या, दत्तकाची फाइल कधीतरी तिच्या हातात जाणारच आणि मग तुमचं बाकीचं सगळं, प्रेमसुद्धा, तिला खोटं वाटायला लागेल. बरेच जण चांगल्या मनाने सांगतात की तुझ्यावर प्रेम होतं म्हणून ठेवून गेली, पण मुलाच्या डोक्यात हिशोब होतो की प्रेम करणारे सोडून जातात, म्हणजे तुम्हीपण जाल. आणि ती आई वाईट होती म्हटलं तर मूल स्वतःलाच वाईट धरतं, तिच्याच पोटचं ना ते.

जे माहीत आहे तेवढंच सांगा. कुठे सापडली, कशात गुंडाळलेली, नाव कोणी ठेवलं. नाळेचा तुकडा अजून गळला नव्हता, त्यावरून डॉक्टरांनी वय धरलं, म्हणजे वाढदिवसपण अंदाजेच, हेही सांगा. बाकीचं मलापण माहीत नाही गं, असं सरळ म्हणा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात कलम 7 आहे, शक्य असेल तिथवर आपले आईवडील कोण हे कळण्याचा मुलाला हक्क आहे, म्हणून ती कागदपत्रं, तो कपडा जपा, ते तिचं आहे.

त्यांना अजून एक भीती होती, ही जखम कायमची का? रोमानियात बुखारेस्टमधे 2000 च्या सुमारास अनाथाश्रमातल्या 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला, त्यात दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं जास्त सावरलेली दिसली. यांची तर पाचव्या महिन्यात घरी आलेली.

पुढच्या वेळी सांगत होत्या, सगळं खरं सांगितलं, मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, त्या रखवालदार काकांना भेटता येईल का? आता ताई, जिथून तिला दत्तक घेतलं त्या संस्थेत चौकशी करतायत.